मुलांवरचे अत्याचार पडद्यावर दाखवावेत का? आणि दाखवायचेच तर कुठवर?

रिकामटेकडा (धागाकर्ता)

काल रात्री एक मालिका अर्ध्यावर बंद केली. नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर धागा तिच्या परीक्षणाकडे वळेल. अगदीच फालतू मालिका नाही. नट चांगले, लेखन बरं, जाणकारांनीही वाखाणलेली. दुसऱ्या भागात एक माणूस सहा-सात वर्षांच्या मुलीला घेऊन गोदामात शिरतो. कॅमेरा त्यांच्या मागोमाग जातो. मला वाटलं, आता दार लागेल आणि आपण बाहेर राहू. दार लागलं, पण आपण आतच. मी अंधारात रिमोट चाचपत राहिलो आणि तो हाताला लागेपर्यंत दिसायचं ते दिसलं.

झोप येईना, म्हणून जुना 'एम' काढून पुन्हा पाहिला. (हो, लहान मुलांच्या खुन्यावरचा सिनेमा. झोप यावी म्हणून माणसं काय काय करतात.) फ्रिट्झ लांगचा, १९३१ चा जर्मन चित्रपट. एल्सी शाळेतून घरी येत नाही. आई जिन्यात डोकावून तिच्या नावाने हाका मारते. जिना रिकामा, टेबलावरचं ताट तसंच. मग झुडपातून तिचा चेंडू घरंगळत बाहेर येतो आणि त्या माणसाने घेऊन दिलेला फुगा तारांत अडकून फडफडतो. बस, एवढंच. तरी ते मला गोदामापेक्षा जास्त लागलं.

बंदी घाला वगैरे मी म्हणत नाही. पण चेंडू आणि फुग्यात जे जमलं त्यासाठी आज गोदामाच्या आत जावं का लागतं? असे विषय सिनेमात यावेत का, आणि यायचे तर किती दिसावेत? तुमचे अनुभव लिहा.

दीडशहाणा

पहिला प्रतिसाद माझा!
रिमोट शेवटी कुठे सापडला तेवढं सांगा. आमचा तीन दिवस गायब आहे.

रोखठोक

असहमत. फुगा सुंदर आहे, हीच माझी तक्रार.

चौकट देखणी, शांतता देखणी. प्रेक्षक उसासा टाकतो, 'काय संयत दिग्दर्शन' म्हणतो आणि घरी जाऊन निवांत झोपतो. गुन्हा संयत नसतो. ज्या मुलांवर ही वेळ येते त्यांना बघायचं की नाही हे कोणी विचारत नाही. आपल्याला तर रिमोटही मिळतो.

उदाहरण हवं असेल तर कोरियाचा 'दोगानी'. ग्वांगजूमधल्या कर्णबधिर मुलांच्या शाळेत खरोखर घडलेल्या अत्याचारांवर २००९ मध्ये गाँग जी-यंग यांची कादंबरी आली आणि २०११ मध्ये ह्वांग डाँग-ह्युकने (हो, तोच, 'स्क्विड गेम'वाला) तिच्यावर सिनेमा काढला. बघवत नाही असा सिनेमा आहे. चाळीस लाखांहून जास्त लोकांनी तिकीट काढून पाहिला. सप्टेंबरमध्ये प्रदर्शित झाला आणि ऑक्टोबर संपायच्या आत तिथल्या संसदेने तेरा वर्षांखालची मुलं आणि अपंग स्त्रिया यांच्यावरच्या लैंगिक गुन्ह्यांना असलेली कालमर्यादा काढून टाकली. ती शाळा बंद झाली. फुग्याने एवढं केलं असतं?

नुसताच_वाचक

बऱ्याच वर्षांनी लॉगिन केलं, ते रोखठोक यांच्यासाठी.

'दोगानी' मी पाहिलाय आणि कायदा बदलला हेही खरंच. पण लोक कशावर चिडले ते आठवून बघा. सिनेमाचा उत्तरार्ध जवळजवळ कोर्टातच घडतो. गरीब पालकांकडून पैसे देऊन माफीनाम्यांवर सह्या घेतल्या जातात, पोलीस आणि वकील आपसांत सावरून घेतात, आरोपींना जुजबी शिक्षा होतात. खऱ्या प्रकरणातही शिक्षा किरकोळ झाल्या आणि त्यातले काही जण पुन्हा त्याच शाळेत कामाला लागले. लोक रस्त्यावर आले ते या 'पुन्हा कामाला लागले'मुळे. मुलांचा छळ दाखवणारी दृश्यं निम्मी कापली असती तरी तो निकाल तितकाच झोंबला असता असं मला वाटतं.

म्हणजे तुमचं उदाहरण सिनेमाने हा विषय घ्यावा यासाठी भक्कम आहे. गोदामाच्या आत जावं यासाठी नाही.

रोखठोक

'निम्मी कापली असती तरी' हे तुम्ही आता म्हणताय, सगळी पाहून झाल्यावर. ती पाहिली नसती तर कोर्टातला तो माफीनामा तुम्हाला कागदच वाटला असता. आधी काय घडलंय हे डोळ्यांनी पाहिलेलं असतं म्हणून त्या सहीचा संताप येतो.

नुसताच_वाचक

हं. यावर पटकन उत्तर सुचत नाहीये. विचार करून लिहितो.

दीडशहाणा

संस्थळाच्या इतिहासात प्रथमच कोणीतरी 'विचार करून लिहितो' म्हणालं. वाचनखूण साठवली.

कलम_काका

कायद्याचं बोलायला कोणीतरी लागतं, तर मीच बोलतो. जांभया आल्या तर पुढच्या प्रतिसादावर जा.

आपल्याकडे सेन्सॉरसाठी १९९१ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. हिंसेत मुलांचा बळी म्हणून, करणारे म्हणून किंवा जबरदस्तीचे साक्षीदार म्हणून सहभाग असलेली दृश्यं आणि मुलांचा कोणत्याही प्रकारे छळ होत असल्याची दृश्यं विनाकारण दाखवू नयेत असं त्यांत स्पष्ट लिहिलंय. आता 'विनाकारण' कुठे सुरू होतं ते कोण ठरवणार? शिवाय त्याच तत्त्वांत चित्रपटाचा परिणाम समग्रपणे बघा असंही म्हटलंय. थोडक्यात, सगळं बघणाऱ्याच्या मगदुरावर. धागाकर्त्याने पाहिली ती मालिका ओटीटीवर असेल तर तिथे सेन्सॉर येतच नाही. २०२१ च्या नियमांनुसार ते स्वतःच वयोगट ठरवतात.

पण माझा खरा मुद्दा पडद्यावरच्या नाही, सेटवरच्या मुलाचा आहे. बालकामगारविषयक २०१७ च्या दुरुस्त नियमांप्रमाणे बालकलाकाराकडून दिवसाला पाच तासांहून जास्त, विश्रांतीशिवाय तीन तासांहून जास्त आणि सलग २७ दिवसांहून जास्त काम घेता येत नाही. कमाईतले किमान २० टक्के त्याच्या नावाने मुदतठेवीत जायला हवेत. मुलाच्या इच्छेविरुद्ध काम करून घेता येत नाही. आता सांगा, सहा वर्षांच्या मुलीची गोदामातल्या दृश्याला 'इच्छा' होती हे कोणी आणि कसं ठरवलं?

पानगळ

लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं.

माझ्या बाबतीत घडलंय. तपशील देणार नाही, कोणी विचारूही नका. घरातलाच माणूस होता, एवढं पुरे.

मीरा नायरचा 'मॉन्सून वेडिंग' मी कॉलेजात असताना मैत्रिणींबरोबर पाहिला. लग्नघरातला गोंधळ, गाणी, सगळ्या हसत होत्या. त्यात रिया नावाची एक मुलगी आहे, आणि कुटुंबावर ज्याचे उपकार आहेत असा एक वडीलधारा नातेवाईक. तो घरातल्या एका छोट्या मुलीशी लाडाने बोलत असतो आणि रिया लांबून बघत असते. तेवढंच. पडद्यावर काही म्हणजे काही होत नाही. मैत्रिणी हसतच होत्या आणि मला श्वास घेता येईना. त्या थिएटरात ते दृश्य फक्त मला दिसतंय असं वाटलं.

शेवटाकडे रियाचा काका त्या माणसाला, घरच्यांच्या देखत, इथून जा म्हणून सांगतो. मला तेवढंच बघायचं होतं. कोणीतरी त्याला चारचौघांत 'निघ' म्हणताना.

तेव्हा असे विषय यावेत का, तर हो, यावेत. पण रोखठोक, मुलांना रिमोट नसतो हे तुमचं वाक्य मला आवडलं नाही. बरोबर आहे, तरी आवडलं नाही. आम्हाला रिमोट नव्हता म्हणून बाकीच्यांनी शेवटपर्यंत बघावं, यात आमच्या हाताला काय लागतं ते मला कळलेलं नाही. आणि अशा दृश्यांच्या वेळी थिएटरात आम्हीही बसलेलो असतो.

रोखठोक

पानगळ, माफ करा. ते वाक्य टाळ्यांसाठी लिहिलं होतं हे कबूल करतो.
बाकीच्या मुद्द्यांवर अजून ठाम आहे, पण ते नंतर कधी.

दीडशहाणा

संपादक मंडळ, माझा पहिला प्रतिसाद उडवला तरी चालेल. या धाग्यावर तो आता बरा दिसत नाही.

पानगळ

राहू द्या हो. रिमोटवर हसले होते मी.

कात्रीवाली

मी संकलन करते. जाहिराती, माहितीपट आणि अधूनमधून कथापट. त्यामुळे 'दाखवलं' हा शब्द ऐकला की मला आधी विचारावंसं वाटतं, काय काय वेगवेगळं चित्रित करून जोडलं?

नीट केलेल्या कामात मूल आणि अत्याचार करणारा नट भीतीच्या क्षणी एका चौकटीत नसतातच. मुलाला वेगळ्या दिवशी बोलावतात. 'दारामागे तुझा हरवलेला कुत्रा आहे, ऐक बरं' असं सांगितलं की ते कान देऊन थबकतं. तो थबकलेला चेहरा मी दुसऱ्या दिवशीच्या बुटांच्या आवाजाला जोडते. प्रेक्षक म्हणतो, काय घाबरलंय पोर! पोर कुत्र्याची वाट बघत असतं. ही लबाडी मला मान्य आहे, कारण ती प्रेक्षकाशी केलेली आहे.

दुसऱ्या प्रकारची लबाडी मुलाशी होते. एका कामात (नाव, गाव काही देणार नाही) पाच वर्षांच्या मुलाला रडवायचं होतं. दिग्दर्शकाने त्याला सांगितलं की आई तुला सोडून निघून गेली. आई शेजारच्या खोलीत होती आणि तिला हे आधी माहीत होतं. शॉट माझ्याकडे आला. फार चांगला आला होता, तीच तर पंचाईत. मी तो वापरला. वापरायला नको होता असं आता वाटतं, पण वापरला.

ही क्लृप्ती नवी नाही. रिकामटेकडा यांनी १९३१ काढलंय, तर त्याच वर्षी हॉलिवुडात 'स्किपी' आला. आठ वर्षांच्या जॅकी कूपरला रडू येईना, तेव्हा दिग्दर्शक नॉर्मन टॉरोगने, जो नात्याने त्याचा काका लागत होता, त्याच्या कुत्र्याला गोळी घालायची धमकी दिली आणि घातल्याचं नाटकही केलं. पोर ढसाढसा रडलं. टॉरोगला दिग्दर्शनाचं ऑस्कर मिळालं. कूपरने म्हातारपणी आत्मचरित्र लिहिलं, त्याचं नावच 'प्लीज डोन्ट शूट माय डॉग'. आणि हा काही अत्याचारावरचा सिनेमा नव्हता बरं का, मुलांसाठीचा हसतखेळत सिनेमा होता. म्हणून विषय कोणता आहे याने मी निर्धास्त होत नाही आणि घाबरतही नाही.

उलट बाजूचं उदाहरण २०१८ चा 'द टेल'. जेनिफर फॉक्सने स्वतःच्या तेराव्या वर्षी घडलेल्या गोष्टीवर स्वतःच दिग्दर्शित केलेला. अवघड दृश्यांसाठी प्रौढ व्यक्तीला उभं केलं होतं, मुलीचं काम पूर्ण वेगळं चित्रित केलं आणि तसं शेवटी पडद्यावर लिहिलंही. पण मला त्यातलं वेगळंच काही विसरता येत नाही. नायिकेला स्वतःची जी आठवण असते, त्यात ती मुलगी चांगली मोठी, समजती दिसते. मग आई तिला त्या वयाचा फोटो दाखवते आणि ती एवढीशी असते. तिथून पुढे आठवणींतली नटीच बदलते. तीच दृश्यं, तेच संवाद, फक्त आता जागेवर एक लहान मूल. संकलक म्हणून सांगते, अत्याचाराबद्दल इतकं काही सांगणारी जोडणी मी दुसरी पाहिलेली नाही, आणि त्या क्षणी पडद्यावर कोणी कोणाला हातसुद्धा लावत नाही.

नुसताच_वाचक

कात्रीवाली, 'मी तो वापरला' हे वाक्य लिहायला वेळ लागला असणार.

कात्रीवाली

चहा निवला.

बखरकार

सगळे परदेशी सिनेमे उगाळताय. आपल्याच पोतडीत डोकावा की.

शिवलीलामृतातली श्रियाळ-चांगुणेची कथा कोणाकोणाला ठाऊक आहे? अतिथीच्या रूपात आलेला शंकर मुलाच्याच मांसाचा हट्ट धरतो. आईबाप चिलया बाळाचा वध करतात, आणि शिर मागे ठेवलंत म्हणून अतिथी रुसला की आई ते उखळात घालून कांडते. वर डोळ्यांत पाणी आणायचं नाही अशी अट. ही कथा आज्या नातवंडांना मांडीवर घेऊन सांगत आल्या आहेत! कंसाने देवकीची तान्ही बाळं शिळेवर आपटलेली प्रत्येक पौराणिक मालिकेत आहेत. तेव्हा कोणी रिमोट शोधला नाही.

म्हणून म्हणतो, हा आजचा नाजूकपणा थोडा कृत्रिम आहे.

रिकामटेकडा

बखरकार, चिलयाची गोष्ट मी लहानपणी ऐकलीय आणि त्यानंतर कित्येक दिवस घरी पाहुणे आले की माळ्यावर जाऊन बसायचो. नाजूकपणा आजचा नाही, तेव्हा आम्हाला कोणी विचारलं नव्हतं एवढंच.

बखरकार

हा हा! मान्य. पण मग गोष्ट सांगायलाच नको होती का?

रिकामटेकडा

तेच तर ठरवता येत नाहीये, म्हणून धागा.

फळाखडू

बालवाडीत शिकवतो. पुरुष. या व्यवसायात मी तसा दुर्मीळ प्राणी आहे.

वर सगळे 'किती दाखवावं' यावर बोलताहेत. मला अत्याचार करणारा म्हणून 'कोण दाखवतात' याची काळजी आहे. गोदाम, अनोळखी माणूस, पावसाळी रात्र. प्रत्यक्षात पोक्सोच्या (मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्याच्या) नोंदवलेल्या गुन्ह्यांत नव्वद टक्क्यांहून जास्त आरोपी मुलाच्या ओळखीचे असतात. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाच्या २००७ च्या पाहणीत निम्म्याहून जास्त, ५३.२२ टक्के, मुलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक त्रास झाल्याचं सांगितलं होतं. एवढी गोदामं अस्तित्वात नाहीत हो. हे घरांत घडतं. गोदामवाला सिनेमा बघून पालक मुलाला सांगतात, 'अनोळखी माणसाशी बोलू नको, काही झालं तर काकांकडे जा.' आणि काकाच...

माझ्या वर्गात आम्ही चाइल्डलाइनची 'कोमल' ही छोटी ॲनिमेशनपट्टी दाखवतो. त्यात त्रास देणारा माणूस वडिलांच्या ओळखीचा, हसतमुख, खेळकर आहे. मुलांना ती कळते. घाबरत नाहीत, प्रश्न विचारतात. पालक मात्र 'एवढ्या लहान वयात कशाला' म्हणतात, आणि हेच पालक रात्री मुलं शेजारी झोपलेली असताना गोदामवाल्या मालिका बघतात.

आता दुसरी बाजू, जी लिहायला मला अवघड जातंय. थॉमस विंटरबर्गचा 'द हंट' (२०१२) पाहिला असेल तर कळेल. बालवाडीत काम करणाऱ्या माणसावर खोटा आळ येतो. मूल दुष्ट नसतं, रुसलेलं असतं, मोठी माणसं त्याच्या तोंडात शब्द घालतात आणि अख्खं गाव उलटतं. त्यातल्या मॅड्स मिकल्सनला कान चित्रपट महोत्सवात अभिनयाचं पारितोषिक मिळालं, रास्तच. तो बघून आल्यापासून मी रडणाऱ्या मुलाला उचलून घेत नाही. समोर उकिडवा बसतो आणि बाईंना हाक मारतो. सिनेमाने माझ्यात केलेला बदल हा असा.

तिरपागडी

फळाखडू सर, 'द हंट'बद्दल माझा कायम जीव टांगणीला असतो. सिनेमा म्हणून उत्तम. पण ज्याला मुलांवर विश्वास ठेवायचाच नाही, त्याच्या हातात हे आयतं कोलीत. 'मुलं काय, काहीही बोलतात, तो सिनेमा नाही का पाहिलास?' हे वाक्य मी खऱ्या प्रसंगात, खऱ्या मुलीबद्दल, माझ्या कानांनी ऐकलंय.

फळाखडू

ताई, खरंय. म्हणून तो सिनेमा मी कोणाला सुचवत नाही. पण तो काढायला नको होता असंही माझ्याच्याने म्हणवत नाही.

पानगळ

मी बारा वर्षांची असताना आईला सांगितलं तेव्हा 'द हंट' आलेला नव्हता. तरी ती तेच म्हणाली. लोकांना त्यासाठी सिनेमा लागत नाही, सर. तुम्ही स्वतःला त्रास करून घेऊ नका.

डोळस_आंधळा

अवांतर: सिनेमात काय दाखवावं ते ठरवाल, पण झलकांचं काय? मी विनोदी काहीतरी बघत होतो, ते संपताच पुढचं आपोआप सुरू झालं, थेट एका मुलाच्या किंकाळीने. मी काही निवडलंच नव्हतं! दिग्दर्शकाने दोन तास संयम पाळायचा आणि जाहिरात करणाऱ्याने तीच किंकाळी उचलून तीस सेकंदांत वाजवायची.

दीडशहाणा

+१. तेव्हा रिमोट लागतो तो असा.

नुसताच_वाचक

रोखठोक, विचार करून लिहितो म्हणालो होतो.

२०१५ चा 'स्पॉटलाइट' घ्या. चर्चमधल्या अत्याचारांची 'बॉस्टन ग्लोब'ने २००२ मध्ये छापलेली शोधमालिका हा त्याचा विषय. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालेला. अत्याचाराचं एकही दृश्य नाही. मोठी झालेली माणसं बोलतात, वार्ताहर वहीत लिहून घेतात. तुमच्या म्हणण्याप्रमाणे आधी डोळ्यांनी पाहिलेलं नसल्यामुळे मला संताप यायला नको. पण आला. मग माझ्या लक्षात आलं की तिथे 'आधी काय घडलंय' हे काम सांगणाऱ्याच्या चेहऱ्याने केलंय. सांगता सांगता माणूस मध्येच हसतो, विषय बदलतो, पुन्हा येतो. म्हणजे पुरावा लागतो हे तुमचं बरोबर. पण मुलाचं शरीरच पुरावा व्हायला हवं, हे काही पटत नाही.

रोखठोक

मानलं, पण अर्धंच. 'स्पॉटलाइट'मधली माणसं वाढलेली आहेत, त्यांना शब्द सापडलेत. 'दोगानी'मधली मुलं ऐकू-बोलू शकत नाहीत. ती हातांनी सांगतात, आणि कोर्टाला ती भाषा येत नाही. ज्याला बोलता येतं त्याचा चेहरा पुरतो. ज्याला येत नाही त्याच्या वतीने कॅमेऱ्याला काहीतरी करावं लागणारच. किती, ते मला नक्की सांगता येणार नाही. गोदामाइतकं नाही, हे आता म्हणतो.

तिरपागडी

बोलण्यावरून आठवलं. बखरकार, तुमच्या पोतडीतलं अजून एक: तेंडुलकरांची बेणारे. 'शांतता! कोर्ट चालू आहे', १९६७. भ्रूणहत्येच्या खोट्या खटल्याचं सगळ्यांच्या लक्षात राहतं. पण तिच्या शेवटच्या स्वगतात सख्ख्या मामाचा उल्लेख आहे आणि तेव्हा ती चौदा वर्षांची होती. ती त्याला प्रेम म्हणते, आपलीच चूक म्हणते. मी शाळेत वाचलं तेव्हा मलाही ती फसलेली प्रेमकथा वाटली होती. चाळिशीत पुन्हा वाचलं आणि पुस्तक मिटून ठेवलं. चौदा वर्षांची मुलगी आणि सख्खा मामा, याला काय म्हणतात हे १९६७ च्या रंगमंचावर कोणी बोललं नाही, तीसुद्धा नाही.

आणि ते स्वगत खटल्यातलं कोणीच ऐकत नाही. सगळे थिजलेले असतात. ऐकतो फक्त प्रेक्षक.

बखरकार

चिलयासमोर तुम्ही बेणारे ठेवलीत, आता मी काय बोलणार. नाटक कपाटातून काढतो.

कलम_काका

सगळे साहित्यात रमलेत तर एक कोरडी भर घालतो. पोक्सोच्या कलम २३ प्रमाणे पीडित मुलाची ओळख पटेल असं काहीही, नाव, पत्ता, शाळा, फोटो, माध्यमांत देता येत नाही. सत्यघटनेवर आधारित म्हणून मिरवणाऱ्यांनी हे उशाशी ठेवावं. नाव बदललं पण गाव, साल, वडिलांचा व्यवसाय तोच ठेवला, तर शेजाऱ्याला पाच मिनिटांत कळतं.

डोळस_आंधळा

वेळही बघावी लागते. बेन ॲफ्लेकचा 'गॉन बेबी गॉन' बेपत्ता मुलीवर आहे. २००७ मध्ये एक ब्रिटिश मुलगी नाहीशी झाल्याचं प्रकरण ताजं होतं, म्हणून तिथलं प्रदर्शन पुढे ढकलून २००८ मध्ये केलं. सिनेमात एक फ्रेम बदलली नाही, नुसते थांबले. हे मला फार सभ्यपणाचं वाटलं होतं.

रिकामटेकडा

धागा सोडून पळालो नव्हतो. ती मालिका पूर्ण बघत होतो. पानगळ यांचा प्रतिसाद वाचून वाटलं की अर्धवट बघून बोलणं बरोबर नाही. गोदाम पुढे ढकलून तिथून पुढचे सहा भाग पाहिले.

आता गोदामावरचा माझा राग कमी झालाय आणि दुसऱ्याच गोष्टीवर वाढलाय. तिसऱ्या भागात तिचे अंत्यसंस्कार. चौथ्यानंतर त्या मुलीचा विषयच नाही. तपास अधिकाऱ्याचा घटस्फोट आहे, त्याचं दारूचं व्यसन आहे, त्याच्या वडिलांशी जुनं भांडण आहे, दोन पाठलाग आहेत. मुलीची आई पाचव्या भागात एकदा पोलीस ठाण्याच्या बाकावर बसलेली दिसते, तीही अधिकारी घाईत तिच्यावरून पुढे जातो हे दाखवण्यापुरती. शेवटी खुनी सापडतो तेव्हा संगीत वाजतं ते अधिकाऱ्यासाठी. तिच्यावर काय झालं ते मला त्यांनी आतपर्यंत नेऊन दाखवलं, पण ती कोण होती, तिला काय आवडायचं, तिच्या वर्गात तिच्या शेजारी कोण बसायचं, यातलं काहीही नाही.

कात्रीवाली

असं खूप असतं. आम्ही त्याला आपसांत 'इंधन' म्हणतो. पहिल्या भागात मूल जाळायचं आणि त्यावर पुढचा सगळा हंगाम चालवायचा. लिहिताना कोणालाच वाईट हेतू नसतो.

पानगळ

नाव काय होतं तिचं? मालिकेतल्या मुलीचं.

रिकामटेकडा

थांबा.

आठवत नाहीये. दुसऱ्या भागात आईने एकदा हाक मारली होती, गोदामाच्या आधी. नंतर सगळे 'ती केस' म्हणतात. पुन्हा लावून बघतो.

दीडशहाणा

बघा आणि इथे लिहा. मी जागा आहे.